पिशवी न बाळगणारी चुलत आजी

दिवाळीचा फराळ आमच्या घरात कधी झाला नाही. त्या दिवसांत आईबाप कोयते बांधून ऊस तोडायला कारखान्यावर जायचे, आणि मला वडवणीत, गल्लीतल्याच चुलत आजीकडं टाकून जायचे. तिच्या घरी रात्री भाकरी आणि सकाळी रात्रीचीच भाकरी. पण तिच्याइतका धाक असलेली बाई आख्ख्या तालुक्यात दुसरी झाली नाही, हे मी कुणापुढंही सांगेन. बाजारातले आडदांड गडी तिला पाहून तराजूत मान घालायचे.

कारण पिशवी. आजी कधी पिशवी बाळगत नसे. कांदे ओच्यात, बटाटे पदरात, मिरच्या कनवटीला, असा सगळा बाजार अंगावर वागवत ती घरी यायची. एकदा एक नवा भाजीवाला म्हणाला, "आज्जे, कॅरीबॅग दिऊ का?" आजी चार दुकानांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "एक व्हती बाबा. डाक्टरनं काढून घेतली. आता दुसरी कावून?" त्यानं तोललेल्या गवारीत आणखी मूठभर टाकली, पण वर काही बघितलं नाही.

गर्भाशयाला आमच्याकडं पिशवीच म्हणतात. ऊसतोडीला गेलेल्या बाईला दुखणं परवडत नाही. एक दिवस पडून राहिली की मुकादम खाडा धरून पैसे कापतो. म्हणून पोट दुखलं की पिशवी काढून मोकळं व्हायचं, अशी रीतच पडली होती. आजीची तिशीत काढली. तोवर तिला एकच मूल झालं होतं, तेही राहिलं नाही. साठीची होती, पण कंबरेतून अशी वाकलेली की ऐंशीची वाटायची.

बरं, गप्प बसेल तर ती आजी कसली. एकदा एसटीत शेजारी बसलेल्या बँकेतल्या बाईंना तिनं विचारलं, "पिशवी हाय का गं तुझी?" त्यांनी मांडीवरची पर्स उचलून दाखवली. "ती न्हाई माय, आतली." बाईंचं तिकीट बीडपर्यंतचं होतं, उतरल्या मात्र पुढच्याच थांब्यावर.

मी बारावीला असताना आईचं पोट दुखू लागलं. खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सोनोग्राफी करून सांगितलं, पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल. बापानं लगेच ऑपरेशन ठरवलं. सकाळी आम्ही जीपपाशी आलो तर आजी पुढच्या सीटवर आधीच बसलेली.

"कागद कुठाय?"

बापानं दिला. तिनं तो माझ्या हातात कोंबला. "वाच."

"इंग्रजीत आहे, आजी."

"मंग बारा वर्सं साळंत काय गवऱ्या थापल्या का? वाच."

मी अडखळत वाचलं. युटेरस नॉर्मल, असं लिहिलं होतं.

"नॉर्मल म्हंजी?"

"म्हणजे चांगली आहे."

बाप चिडला. "काकू, डाक्टरपरीस ही पोरगी शानी हाय का?"

"पोरगी न्हाई, कागद शाना हाय," आजी म्हणाली, आणि तिनं जीप सरकारी दवाखान्याकडं घ्यायला लावली. तिथं तपासून गोळ्या दिल्या. महिन्याभरात आईचं दुखणं थांबलं.

सरकारी दवाखान्यातून आलो त्याच दिवशी संध्याकाळी आजीनं उतरंडीच्या मडक्यातून तिचा स्वतःचा, पिशवी काढली तेव्हाचा कागद काढला. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. "ह्यो बी वाच. तवा वाचाया कुनी नव्हतं."

मी वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाले, "शाई उडालीय, आजी. काही दिसत नाही."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "दिसतंय तुला," एवढंच म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली.

आजीला जाऊन दोन वर्षं झाली. मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. ते तिला बघायला मिळालं नाही. आता गल्लीतल्या बाया दवाखान्याचा कागद आधी माझ्याकडं आणतात. जिथं मला कळत नाही तिथं मी त्यांच्यासोबत सरकारी दवाखान्यात जाते. कागद वाचल्याशिवाय आमच्या गल्लीतल्या एकाही बाईची पिशवी त्यानंतर काढली गेलेली नाही.