तेलाची सुई

सुमनमावशींनी कधी कुणाला ‘दुखणार नाही’ असं सांगितलं नाही. “दुखणार बाय. तेलाची सुई आहे. मला शिव्या घाल, पण हलू नको,” असं म्हणतच त्या कापूस चोळायच्या. प्रसूतिगृहातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या मावशी चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर राहायच्या. आता मुलाकडे बदलापूरला गेल्या.

वहिनीच्या पोटात डॉक्टरांनी प्रयोगशाळेत वाढवलेला गर्भ सोडला होता. तो टिकावा म्हणून रोज संध्याकाळी सातला हार्मोनचं, तेलात कालवलेलं इंजेक्शन होतं. मावशी रोज चिठ्ठी नव्याने वाचायच्या, मगच सुई भरायच्या. चाळीत आम्ही अशक्तपणाची इंजेक्शनं म्हणून सांगितलं होतं. म्हणून शेजारच्या काकू रोज बीट किसून पाठवायच्या. वहिनीला बीट बघवत नसे.

“खा गं,” मावशी हसायच्या. “खोटं बोललीस ना? मग खा.”

मी स्त्रीमुक्तीची पत्रकं वाटत मोठी झालेली. माझं डोकं फिरायचं. दोष दादात निघाला होता आणि चार वर्षं सुया मात्र वहिनीला! “मी यावर पत्रक काढते,” मी एकदा ओरडलेच.

“काढ की. ठळक अक्षरात काढ. आत्ता तिचा हात धर.”

रक्ततपासणीला दोन दिवस उरले असताना वहिनीला लाल डाग दिसले. रिपोर्ट येईपर्यंत इंजेक्शन चालू ठेवा, डॉक्टर फोनवर म्हणाले.

“मावशी, आज दोन द्या,” वहिनी म्हणाली.

“चिठ्ठीत एक आहे.”

“कुणाला कळतंय? द्या ना.”

मावशींनी भरलेली सुई खाली ठेवली. “दोन देऊन राहिलं असतं ना, तर मी दहा दिल्या असत्या, बाय.” मग एकच दिली.

शरीर तुझं, मुलावाचून तुझं काही अडत नाही, अशी कितीतरी वाक्यं मी पत्रकांत लिहिली होती. ती सगळी बाजूला ठेवून मी तिचा हात धरला.

रिपोर्ट आला. राहिलं नव्हतं. इंजेक्शन बंद झालं. तरी त्या संध्याकाळी सातला वहिनी उठली, मावशींकडे गेली आणि खाटेवर पालथी झाली. मागोमाग मी. मावशींनी पाणी तापत ठेवलं. सुयांनी कमरेखाली दोन्हीकडे कडक गाठी आल्या होत्या. गरम फडकं पिळून त्यांनी त्यांवर दाबून धरलं.

“जिरायला आठ-दहा दिवस जातील,” त्या म्हणाल्या. “रोज सातला ये.”

वहिनी उशीतूनच ‘हो’ म्हणाली. पाणी निवलं होतं. मी दुसरं तापवायला उठले.