आमच्या सर्वरवर तीन दिवस जग थांबलं होतं

गेल्या सोमवारी बाबा सकाळी फिरून आले आणि दारातूनच ओरडले, "अगं, तुझ्या त्या यंत्रात आज तिसऱ्या दिवशीही बातमी नाही. जगात काही घडतंय की नाही?"

यंत्र म्हणजे माझा जुना लॅपटॉप. बाबांना हल्ली पेपरची बारीक अक्षरं दिसत नाहीत आणि मोबाइलवर बातमी कमी, जाहिराती जास्त... म्हणून मी दोन रविवार खपून एक साधं वेब ॲप बनवलं. त्यांच्या आवडीच्या साइट्सच्या बातम्या एका पानावर, मोठ्या अक्षरात, आणि वाचून झाली की बातमी यादीतून गायब.

सगळं घरच्या घरी, फ्रीजवर ठेवलेल्या त्या लॅपटॉपवर चालतं. आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि तो तापून बंद पडलेला, ते सोडा.

आता बाबांची पंचाईत बघा. मानपाड्याच्या त्यांच्या वॉकिंग ग्रुपमध्ये बातमी बाबांनी सांगायची आणि बाकीच्यांनी वाद घालायचा, ही वर्षानुवर्षांची प्रथा. तीन दिवस ते गप्प, तर शेजारच्या काकांनी चक्क तब्येतीची चौकशी केली!

माझं तर नाकच कापलं गेलं. वागळे इस्टेटला लोकांचे सर्वर सांभाळते मी... म्हटलं, ऑफिसला उशीर झाला तर झाला. लॉग उघडले, म्हणजे कोणी कधी काय उघडलं याच्या नोंदी. बातम्या ढिगाने येत होत्या, पण रोज पहाटे पाचला कोणीतरी त्या सगळ्या वाचून संपवत होतं. आमच्याच वायफायवरून.

मी किचनकडे बघितलं. आई भेंडी पुसत होती, जरा जास्तच मन लावून.

"लग्न झाल्यापासून मला पेपर दुपारी मिळतोय," ती म्हणाली. "तोही शब्दकोडं सोडवलेला. म्हटलं, एकदा तरी कोरा वाचू."

लॉगिन मी एकच ठेवलेलं. आमच्याकडे पेपर आधी बाबांचा, हे इतकं अंगवळणी पडलेलं की आईलाही वाचायचं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लाज वाटली मला, खरंच.

बाबा अजून चपला घालून दारातच उभे. तिथूनच हळूच म्हणाले, "पाणीकपातीचं काय झालं गं?"

"सांगते. आधी चपला काढा."

दुसरं लॉगिन मी त्याच दिवशी करून ठेवलं. बाबांनी अजून मागितलेलं नाही. आई पहाटे वाचते, चहाला त्यांना सांगते आणि मग ते फिरायला जातात.

काल लिफ्टमध्ये ते शेजारचे काका भेटले. म्हणाले, "तुझे बाबा हल्ली प्रत्येक बातमीची सुरुवात 'आमची ही म्हणत होती' अशी करतात."

माझ्या ॲपमधलं सगळ्यात चांगलं फीचर माझ्या चुकीमुळे झालंय... आता दुसरं लॉगिन देऊन ती चूक दुरुस्त करायची माझी हिंमत नाही.