वजनासाठी पाणी तोडलं तेव्हा

डॉक्टर ‘रॅब्डोमायोलिसिस’ म्हणाले तेव्हा माझं लक्ष मोबाइलवर होतं. धुळ्याला आमच्या कबड्डी संघाचा अंतिम सामना चालू होता आणि ग्रुपवर एकेक निरोप पडत होता. हर्षदाचे दोन गुण. हर्षदाचा बोनस. पुन्हा हर्षदा. माझ्या जागेवर ती चढाया करत होती आणि मी जळगावच्या दवाखान्यात हाताला सुई लावून पडले होते. माझ्या जिवाचा नुसता तिळपापड होत होता.

“मोबाइल ठेव जरा,” डॉक्टर म्हणाले. “तुझ्या किडन्या काम करेनाशा झाल्यात. खेळाचं नंतर बघू.”

आई मटकन स्टुलावर बसली. नाना, म्हणजे माझे वडील, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आणि मी? खरं सांगते, मी चोरून एकदा स्कोअर बघितलाच.

मुलींनो, तुमच्यापैकी कुणी वजनी गटात खेळत असेल, कबड्डी, कुस्ती, ज्युदो, काहीही, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. रॅब्डोमायोलिसिस म्हणजे स्नायू फुटणं. अंगात पाणी नसताना, उन्हात, जिवाच्या आकांताने खेळलं की मांड्यांचे, पोटऱ्यांचे स्नायू तुटतात. त्यांच्यातली प्रथिनं रक्तात उतरतात आणि किडनीच्या चाळणीत अडकतात. सीपीके नावाची एक रक्ततपासणी असते, तिच्यावरून स्नायू किती तुटले ते कळतं. माझा आकडा वाचून शिकाऊ डॉक्टरने शून्यं पुन्हा मोजली होती.

आता हे झालं कसं, ते सांगते.

मी फैजपूरची. कॉलेजसाठी पिंप्राळ्यात मावशीकडे राहते. हर्षदा तिथलीच, दोन गल्ल्या सोडून. आम्ही एकाच संघात, एकाच मैदानावर, आणि दोघी डाव्या बाजूच्या चढाईपटू. मी पहिली, ती राखीव. कुमारी गटात वजनाची अट पासष्ट किलोची. माझं वजन सदुसष्टच्या आसपास घुटमळायचं. हर्षदाचं? साठ-एकसष्ट. मेली काय वाटेल ते खायची. कचोरी खायची, जिलबी खायची, वरून विचारायची, “दीपाली, तू का नाही खात गं?” तेव्हा तिचा गळा दाबावासा वाटायचा.

स्पर्धेआधी वजन उतरवायची आमच्याकडे एक ठरलेली रीत होती. तिला आम्ही ‘पाणी तोडणं’ म्हणायचो. आदल्या दुपारपासून पाणी बंद. संध्याकाळी दोन स्वेटर, वर प्लास्टिकचा रेनकोट, आणि मैदानाला फेऱ्या. एप्रिलमध्ये. धुळ्यात. मोठ्या मुलींनी आम्हाला शिकवलं, त्यांना त्यांच्या मोठ्या मुलींनी. सरांना, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांना, माहीत होतं. ते फक्त म्हणायचे, “काट्यावर बसलं पाहिजे, बाकी तुमचं तुम्ही बघा.”

सकाळी धुळ्यातल्या देवपूरच्या मैदानावर वजनं झाली. मी बसले, जेमतेम बसले. बाहेर नाना उभे होते. फैजपूरहून पहाटे निघून आमच्या बागेतल्या केळ्यांचं क्रेट घेऊन आले होते, सगळ्या संघासाठी. पोरी तुटून पडल्या. हर्षदाने तर माझ्यासमोर उभं राहून चार खाल्ली.

“दीपू, एक केय खाय ना,” नाना म्हणाले. आमच्याकडे केळ्याला केय म्हणतात.

पण मला केळी नको होती. लहानपणापासून केळीच खातेय, त्यात काय मोठं! वजन झालं की काहीतरी चमचमीत खायचं, हीसुद्धा आमची रीतच. मी संघातल्या दोघींना घेऊन समोरच्या हॉटेलात गेले. शेवभाजी, लाल तर्री, पाव, आणि थंडगार कोल्ड्रिंक. पाणी दोन घोट, कारण पाण्याने पोट जड होतं आणि चढाईत पळता येत नाही, असं आमचं ठाम मत.

पहिला सामना भर उन्हात झाला. माझ्या पायात गोळे आले. मी पर्समधली दुखण्याची गोळी घेतली, उपाशीपोटी नाही पण कोरड्या अंगावर. डॉक्टर नंतर म्हणाले, “ती गोळी म्हणजे किडनीला वरून लाथ.” दुपारी दुसरा सामना. तोही जिंकलो.

संध्याकाळी बाथरूममध्ये गेले तर लघवी कोल्ड्रिंकच्या रंगाची, आणि ती पण थोडीशीच. मांड्या दगडासारख्या. मी घाबरले, हो. पण बाहेर हर्षदा आरशासमोर वेणी घालत गाणं गुणगुणत होती. तिला किंवा सरांना कळलं असतं तर उद्या ती खेळली असती. मी नळ जोरात सोडला, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन म्हणाले, “चल गं, जेवायला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्मअपलाच पाय वाकले ते सरळ झालेच नाहीत. धुळ्याच्या एका दवाखान्यात सलाइन लावलं, रक्त तपासलं. त्यांनी किडनीच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं, म्हणून घराजवळ जळगावला आणलं. आणि मग तो मोबाइल, तो स्कोअर, तो शब्द.

संघ जिंकला. हर्षदाची राज्याच्या सराव शिबिरासाठी निवड झाली. गळ्यात हार घातलेला तिचा फोटो मी इतक्यांदा मोठा करून बघितला की आईने मोबाइल काढून घेतला.

माझ्या मानेत नळी घातली आणि डायलिसिस सुरू झालं. डायलिसिस म्हणजे मशीन रक्त बाहेर घेतं, धुतं, परत देतं. दुखत फारसं नाही. थंडी वाजते आणि वेळ जाता जात नाही.

त्याहून वाईट होतं ते पाणी. किडनी चालत नसली की पाणी अंगातच साठतं, फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून काल जेवढी लघवी झाली तेवढं आणि वर अर्धा लिटर, एवढंच पाणी आज प्यायचं. ज्या पाण्याला मी स्वतःहून नाही म्हटलं होतं, ते आता मला बाटलीच्या झाकणाने मोजून मिळत होतं. नर्स उभ्या उभ्या घटाघटा पाणी प्यायच्या आणि मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहायचे.

केळी बंद. नारळपाणी बंद. दोन्हींत पोटॅशियम असतं. चांगल्या माणसाला ते हवंच, पण किडनी बंद असताना ते रक्तात वाढलं तर हृदय थांबू शकतं. फैजपूरचे नातेवाईक भेटायला यायचे ते केळी घेऊनच यायचे, आणि नाना त्यांना दारातच अडवायचे. आयुष्यभर केळी पिकवणारा माणूस लेकीच्या खोलीबाहेर केळी अडवत उभा! तोंड कसनुसं व्हायचं त्यांचं.

शेजारच्या पलंगावर शिंदखेड्याकडच्या एक अक्का होत्या. वय झालेलं, पोटाचं ऑपरेशन. त्यांच्या पलंगाला लघवीची पिशवी लटकलेली असायची, भरलेली, स्वच्छ, फिकट पिवळी. माझ्या पिशवीत तळाला चहाच्या गाळासारखं काहीतरी. हसू नका, पण मला त्या पिशवीचा इतका हेवा वाटायचा! सकाळी डोळे उघडले की आधी अक्कांची पिशवी बघायची, मग माझी, मग कूस बदलायची.

अक्कांच्या ते लक्षात आलं. “काय देखी राहिनी वं पोरी?” त्यांनी विचारलं. काय बघतेस गं?

“तुमची पिशवी,” मी म्हणाले आणि रडायलाच लागले.

अक्का पोटावर हात दाबून हसल्या, टाक्यांवर ताण पडला म्हणून कळवळल्या आणि परत हसल्या. “बठ्ठं बरं व्हई जाई,” त्या म्हणाल्या. सगळं बरं होईल.

हर्षदा भेटायला आली तेव्हा तिच्या हातात नारळपाणी होतं. नानांनी तेही दारात ठेवून घेतलं. ती पलंगाच्या कडेला बसली. ताजी, उन्हाने रापलेली, नवे बूट. माझ्या मानेतल्या नळीकडे बघून तिचा चेहरा पडला. “लवकर बरी हो गं,” म्हणाली. मी म्हटलं, “हो.” मनात म्हटलं, जा आता.

एका सकाळी माझ्या पिशवीत थोडं जास्त दिसलं. दुसऱ्या दिवशी आणखी. डॉक्टरांनी पिशवी उजेडात धरली आणि हसले. “किडनी जागी झाली. खूप जणांची होते, सगळ्यांची होत नाही. तू नशीबवान आहेस.” पुढे क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती साफ करतेय ते दाखवणारा आकडा, हळूहळू उतरला. नळी निघाली. मानेवर वण राहिला.

घरी जाताना डाएटिशियन मॅडमनी मला समोर बसवलं आणि सामन्याच्या दिवशी काय केलंस ते सगळं वदवून घेतलं. शेवभाजीला त्यांनी कपाळावर हात मारला.

त्यांनी सांगितलं ते तुम्हीही ऐका. पाणी सामन्याच्या दिवशी सुरू करायचं नसतं, आदल्या दिवसापासूनच नीट प्यायचं. लघवी फिकट असली की समजायचं, ठीक चाललंय. सामन्याच्या तीनेक तास आधी साधं जेवण: वरण-भात, पोळी, दही, उपम्यासारखं काही. तेलकट, तिखट नको, ते पोटात बसून राहतं. तासभर आधी भूक लागली तर केळं, हो, केळंच! खेळताना तहानेची वाट न बघता मध्ये मध्ये घोट घोट पाणी. उन्हात जास्त वेळ खेळायचं असेल, दिवसात दोन सामने असतील, तर साधं पाणी एकदम ढोसायचं नाही, घामाबरोबर मीठही जातं. लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी किंवा ओआरएस जवळ ठेवायचं. कोल्ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंक राहू द्या दुकानातच. खेळ संपला की दूध, खिचडी, अंडी, जे मिळेल ते, पण लवकर. आणि विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी नाही.

“आणि वजन?” मी विचारलं.

“वजन महिनोन्‌महिने खाऊन-पिऊन सांभाळायचं असतं. एका दिवसात उतरतं ते फक्त पाणी. नाही बसलीस तर वरच्या गटात खेळ.”

खेळायची परवानगी बऱ्याच महिन्यांनी मिळाली. तोवर माझं वजन पासष्टच्या पुष्कळ वर गेलं होतं. कुमारी गट माझ्यासाठी संपला. हर्षदा राज्याच्या संघात पक्की झाली.

मग एका संध्याकाळी ती मावशीकडे आली. बूट न काढता दारातच उभी राहिली. शिबिरातल्या खाण्याने आणि व्यायामाने तिचे खांदे भरले होते. वजन अटीपेक्षा दीड किलो जास्त भरत होतं आणि परवा वजनाचा काटा होता.

“तू पाणी कधी तोडायचीस?” तिने विचारलं. “नेमकं कसं करायचीस ते सांग ना. मी कधी केलं नाही.”

मुलींनो, त्या क्षणी मला आनंद झाला. कचोरी आठवली, जिलबी आठवली. एक शब्द न बोलता गप्प बसले असते तरी ती कुणाकडून तरी शिकलीच असती.

मी ओढणी बाजूला करून मानेवरचा वण दाखवला. “असं करायचे. आत ये आणि जेव.”

“माझी जागा जाईल, दीपाली!”

“जाऊ दे.”

तिचे डोळे एकदम लाल झाले. “तुला तेच हवंय. माझी जागा पहिल्यापासून खुपते तुला. म्हणून सांगतेयस.”

“खुपते,” मी म्हणाले. “रोज खुपते. तुझा फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे, बघून जळायला. पण त्या मशीनवर तुला झोपलेलं मला बघायचं नाही. तिथे तू माझ्याशी भांडू पण शकणार नाहीस.”

ती दारातच रडली. मावशीने ताट वाढलं होतं, खिचडी आणि ताक. हर्षदाने बूट काढले, आत आली आणि हात न धुताच जेवायला बसली. ताकाचे दोन पेले प्यायली. मी समोर बसून तिच्या गळ्याकडे बघत होते आणि ते ताक पोटात चाललंय याचं मला पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

काट्यावर ती बसली नाही. दुसरीच मुलगी गेली. हर्षदा आठवडाभर माझ्याशी बोलली नाही आणि तिच्या आईने मावशीला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आता आम्ही दोघी महिलांच्या खुल्या गटात एकाच संघात आहोत. सामन्याआधी पाण्याची पिंपं आम्हीच भरून ठेवतो आणि नव्या मुलींना धाक दाखवून पाजतो. सर आता काट्याच्या आदल्या दिवशी मुलींची जेवणं स्वतः बघतात. त्या डॉक्टरांचे, मशीन चालवणाऱ्या ताईंचे, अक्कांचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

पहिली चढाई सर हर्षदालाच देतात. ती खरंच माझ्यापेक्षा चपळ आहे. ती रेषा ओलांडून जाते, लोक टाळ्या वाजवतात आणि मी अजूनही जळते. पण आता भरल्या पोटी जळते.