कूलरची हवा खाल्लेलं पॅनेल

"हातोडी खाली ठेवा मास्टर! पहिले खाली ठेवा, मंग बोलू!"

जब्बारभाई इतक्या जोरात ओरडले की लातूरच्या त्यांच्या गॅरेजवरचे पत्रे थरथरले आणि समोरच्या हॉटेलात एकाच्या बशीतला चहा आपोआप कपात परत गेला. मी हातोडी खाली ठेवली. तसा मी मारणार नव्हतोच. पॅनेलला जरा धाक दाखवत होतो.

समोर एक लाल, दोन सीटची विलायती स्पोर्ट्स कार उभी होती. माझ्या मांडीवर तिच्या डाव्या दरवाज्याचं आतलं पॅनेल होतं. गाडीच्या दरवाज्याचा पत्रा आतून उघडाबोडका असतो. काच वरखाली करायची दांडी, वायरी, सगळं दिसतं. ते झाकायला हार्डबोर्ड कापायचा, त्यावर पातळ फोम आणि रेक्झिन चिकटवायचं. हे झालं ट्रिम पॅनेल. बोर्डाच्या मागे भोकं, भोकांत स्प्रिंगच्या क्लिपा. क्लिप म्हणजे साडीपिनेची दणकट मावशी. ती दरवाज्याच्या भोकासमोर धरून तळहातानं दाबली की टक्क करून बसते. बाहेरून ना स्क्रू दिसतो ना खिळा.

माझी मधली क्लिप टक्क करून बसली होती. कडेच्या बसेनात. क्लिप एकीकडे, भोक दुसरीकडे.

नांदेडला माझं कुशनचं दुकान आहे. नांदेडपासून नायगावपर्यंत अशी जीप नाही जिच्या सीटला माझा टाका नाही. एका पुढाऱ्याची सीट मी अशी भरली होती की तो निवडणूक हरला, पण त्या सीटवरून उठला नाही. असा मी. आणि मला एक दरवाजा ऐकेना.

गाडी डॉक्टर वैशालीबाईंची. लातुरातल्या हाडांच्या डॉक्टर. हदगावकडच्या एका बंद जिनिंगमध्ये त्यांना ती कापसाखाली सापडली. पहिल्यांदा हॉर्न वाजवला तेव्हा आवाजाआधी सरकी बाहेर आली म्हणतात. जब्बारभाईंनी चार वर्षं खपून ती उभी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून जुन्या गाड्यांच्या क्लबचे परीक्षक येणार होते. त्यांनी पास केली तर गाडी हैदराबादच्या रॅलीत, नाही तर वर्षभर ताडपत्रीखाली. शिवाय क्लबातलं कुणीतरी फोनवर म्हणालं होतं, "लातुरात जीपशिवाय दुसरं काय दुरुस्त होतं?" हे वाक्य जब्बारभाई रोज जेवणाआधी स्वतःला ऐकवायचे.

"बाई," मी म्हणालो, "कडेनं चार स्क्रू मारतो. वरून टोप्या बसवतो. देवाला सुद्धा कळणार न्हाई."

"मास्तर, मी रोज हाडांत स्क्रू मारते," बाई म्हणाल्या. "पण आतून. बाहेर दिसले तर पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे जातो."

"पुण्याचा मानूस पहिले स्क्रूच मोजतो," जब्बारभाई म्हणाले. "मास्टर, माप चुकलं तुमचं. कबूल करा."

माप चुकायचा प्रश्नच नव्हता. मी दरवाज्यावर पत्रा धरून त्याचा खाका, म्हणजे मापाचा साचा, कापून नेला होता. पत्रा खोटं बोलत नाही. खाका पिकअपमधून आणला आणि पॅनेलवर ठेवला. भोकं जुळेनात. मधलं बरोबर, आणि कडेला जावं तसतसा फरक वाढत गेलेला. शेवटच्या भोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढा. नांदेडला हाच खाका तंतोतंत बसला होता. म्हणजे पॅनेल आकसलं होतं.

आता सांगतो काय झालं. मे महिन्यात नांदेडला चिकटवायचं सोल्यूशन डब्यातून ब्रशवर येईपर्यंत वाळतं. रेक्झिनला फुगे येतात. म्हणून मी सगळं चिकटवायचं काम कूलरपुढे करतो. आठवडाभर तो हार्डबोर्ड कूलरला टेकून उभा होता. एवढा गारवा मी कधी सोयऱ्याला दिला नाही. कूलरची हवा ओली. बोर्ड ती पीत गेला, फुगत गेला, आणि फुगलेल्या बोर्डाला मी नेमकी भोकं पाडली. मग पिकअपमध्ये टाकून भर उन्हात लातूर गाठलं. रस्त्यात बोर्डानं प्यालेलं पाणी उडून गेलं आणि पॅनेल अंग चोरून बसलं.

"बाई, हा बोर्ड नांदेडचा हाय," मी म्हणालो. "परक्या गावात लाजून आकसला."

"माझे निम्मे पेशंट नांदेडचे आहेत. आकसत नाहीत. उपाय सांगा."

उपाय माझ्याकडे नव्हता. म्हणून मी गंभीर चेहरा करून जुनं पॅनेल मागितलं. बाई गाडीतून निघालेलं काहीच फेकत नसत. पोत्यातून ते बाहेर आलं. अर्धं उंदरांनी खाल्लेलं, पण मागची भोकं शाबूत. ती लांबट होती. हे मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं आणि विलायती कारागिराला हसलो होतो, की लेकाच्या हातात ड्रिल हलत होता. मी आपली नाण्यासारखी गोल पाडली.

आता नीट पाहिलं. मधलं भोक गोल होतं. बाकीची सगळी लांबट, आणि प्रत्येकाचं तोंड त्या मधल्या भोकाकडे. हात हललेल्या माणसाची भोकं अशी रांगेत बसत नाहीत. बोर्ड मधल्या क्लिपेला धरून राहणार, कडेनं फुगणार, आकसणार, आणि क्लिप लांबट भोकात सरकत राहणार. त्यानं बोर्डाला श्वास घ्यायला जागा ठेवली होती.

"हेच म्हणून राहिलो मी मघापासून," मी म्हणालो.

"कधी म्हणाले?" जब्बारभाईंनी विचारलं.

मी गोल कानस घेतली. मधलं भोक सोडून बाकीची तशीच लांबवली. पाठीला दोन हात वार्निश दिलं, म्हणजे पुढं पावसाळ्यात बोर्ड पाणी पिणार नाही. वार्निश वाळल्यावर पॅनेल लावलं आणि मधून कडेकडे दाबत गेलो. टक्क. टक्क. टक्क. कडेला जी फट पडली ती दरवाज्याच्या रबराखाली गेली. शेवटची क्लिप बसल्यावर जब्बारभाईंनी दरवाजा लोटला. असा आवाज आला की बँकेची तिजोरी लाजावी. उजव्या दरवाज्यालाही तोच इलाज केला.

रेक्झिन मी उदगीरच्या एका दुकानाच्या माळ्यावरून शोधलं होतं. वर्षानुवर्षं कुणी न घेतलेलं, रंग जरा विटलेला. त्या गाडीला शोभलं.

सकाळी परीक्षक आले. सडसडीत गृहस्थ, हातात टॉर्च. चाकांपासून छतापर्यंत सगळं पाहिलं, दरवाजे उघडले, मिटले, पॅनेलवर अंगठा दाबला. शेवटी म्हणाले, "पास." बाईंनी टाळ्या वाजवल्या. जब्बारभाई डोळ्यात ऑइल गेलं म्हणून मागे तोंड धुवायला गेले.

हार्डबोर्ड असो की पाहुणा, हलायला जागा ठेवावी. घट्ट धरला की कुठून तरी उचकटतो. धंद्यात मी एवढंच शिकलो, आणि तेही उंदरांनी खाल्लेल्या फळीकडून.

मी मात्र परीक्षकांच्या मागेमागे फिरत होतो. कौतुकाचा एक शब्द मिळाला असता तर नांदेडपर्यंत मी त्याचे दहा केले असते. शेवटी न राहवून विचारलं, "साहेब, दरवाज्यांचं आतलं काम कसं वाटलं?"

त्यांनी टॉर्च बंद करून खिशात टाकला.

"ते तर मूळ कंपनीचंच आहे. दरवाज्यांना तुम्ही हात कुठे लावलाय?"