पाचोडचं इथं कुणी सांगितलं?

तांब्याच्या चोरीचा तो गुन्हा उघडकीला आला, मुद्देमालही मिळाला. तरी त्याची आठवण झाली की आजही मन खट्टू होतं.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून ऐंशी किलो तांब्याची तार गेली होती. स्टोअरचं कुलूप शाबूत, म्हणजे काम आतल्याच माणसाचं. पंचनामा आटोपून ठाण्यात आलो तर कारखान्याचा स्टोअरकीपर आधीच येऊन बसलेला. हळूच म्हणाला, "साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. आमच्या वेल्डरला उचला. पाचोडला चोरीची केस हाय त्याच्यावर."

रेकॉर्ड तपासलं. आठवडी बाजारातून पाण्याची मोटर चोरल्याचा जुना आरोप होता. न्यायालयाने निर्दोष सोडलं होतं. तरी वेल्डरला चौकशीला आणलं.

हवालदार म्हणाला, "पाचोडात मोटर, इथं तार. आता काय विजेचा खांब नेतो का रे?"

वेल्डर चिडला नाही. "साहेब, तारेचं मला ठाऊक नाय. पण पाचोडचं इथं कुणी सांगितलं? म्या बायकोलाबी बोललो नाय. लग्नाआधीचं हाय ते."

बायको डबा घेऊन दारातच उभी होती. "काय झालतं वो पाचोडला?" तिने विचारलं. त्याने मान वर केली नाही. डबा बाकावर ठेवून ती निघून गेली.

त्याचा प्रश्न मी स्टोअरकीपरला विचारला.

"ग्रुपवर आलं व्हतं की साहेब. सगळ्यायला ठाऊक हाय."

कामगारांच्या चारित्र्य पडताळणीचे अहवाल आम्ही कारखान्याला गोपनीय म्हणून देतो. वेल्डरच्या अहवालात 'निर्दोष मुक्तता' स्पष्ट लिहिलं होतं. मॅनेजरने मात्र गुन्ह्याच्या ओळीचा तेवढा फोटो काढून औद्योगिक वसाहतीतल्या मॅनेजर-सुपरवायझरांच्या मोबाइल ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'लक्ष ठेवा.'

"सगळ्यांना ठाऊक, मग धावत तू एकटाच का आलास?" मी विचारलं.

स्टोअरची दुसरी किल्ली त्याच्याकडेच असायची. संध्याकाळपर्यंत त्याने भंगारवाल्याचं दुकान दाखवलं. "त्याच्यावर केस व्हतीच, साहेब. म्हटलं, माझ्याकडं कोण बघतंय?"

तार जप्त झाली. वेल्डरला परत कामावर घ्या, असं मी मॅनेजरला स्वतः सांगितलं.

"चोरी त्यानं केली नाही, मान्य. पण ठाण्यात जाऊन आलेला माणूस मालकांना नकोय."

"आणि तो फोटो?"

"मी काढून टाकला, साहेब. पुढं कुणी कुणाला पाठवला, ते कसं सांगू?"

मी वरिष्ठांना अहवाल पाठवला. मॅनेजरला ताकीद मिळाली, प्रकरण तिथंच मिटलं.

या प्रकरणानंतर मी खबर देणाऱ्याला पहिला प्रश्न एकच विचारत आलो: तुला हे कुठून कळलं? माणूस कामावर ठेवताना त्याची माहिती मालकाने जरूर घ्यावी. पण ती गावभर वाटण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही. स्टोअरकीपरला न्यायालयाने शिक्षा दिली, ती भोगून तो सुटलाही. वेल्डरला मात्र कुणीच शिक्षा सुनावली नव्हती, त्यामुळे ती संपायची तारीखही नव्हती.

निवृत्तीनंतर पाहुण्यांना अजिंठ्याला नेलं, तेव्हा फर्दापूरच्या एका हॉटेलात तो कपबशा विसळताना दिसला.

"वेल्डिंग सोडलं?"

"वसाहतीत गेटावरच नाव वळखतेत, साहेब."

"मंडळी?"

"माहेरी हाय." मग गल्ल्याकडे नजर टाकून तो हळूच म्हणाला, "मालकाला माझी वळख सांगू नका."

मी अनोळखी गिऱ्हाईकासारखे चहाचे पैसे दिले आणि मागे न बघता बाहेर आलो.