चिंचेनं घासलेलं जर्मन पदक

ती घटना आठवली की आजही तोंडाला चिंचेची चव येते. ऐंशीच्या दशकाची अखेर. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या पोलीस स्टेशनात मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. एका वृद्ध जर्मन गृहस्थांच्या घरातून पदक चोरीला गेलं. त्यांच्या वडिलांना अग्निशमन दलातल्या प्रदीर्घ, उत्तम सेवेबद्दल मिळालेलं ब्राँझचं पदक.

संशय सरळ गेला घरकाम करणाऱ्या होम हेल्पवर. आपल्या कोल्हापूरकडच्या बाई. त्यांना कामाला ठेवणाऱ्या कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, त्यांना लगेच घरी बसवलं. स्टेटमेंट देताना त्या डोळे पुसत म्हणाल्या,

"दसऱ्याला देवाची भांडी चिंचेनं घासली साहेब, उरलेली चिंच नेऊन आजोबांचं पदकही घासलं. काळं पडलं होतं हो! पण चोरीचा डाग लागला तर उद्या कोण दारात उभं करणार मला?"

"ताई, रडू नका. तपास होऊ दे," मी म्हणालो. माझा त्यांच्यावर विश्वास बसला होता, पण विश्वास काही कोर्टात चालत नाही.

काही दिवसांनी निनावी फोन आला. बाजारात जुनी पदकं विकणाऱ्या एकाकडे लखलखीत जर्मन पदक आलंय. हाच माणूस आजोबांकडे पदक विकत मागायला दोनदा येऊन गेला होता, आणि आजोबांनी साफ नकार दिला होता. आम्ही त्याला पदकासकट स्टेशनात आणलं. कायदेशीर सूचना दिली, टेप सुरू केली.

"वर्षानुवर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये आहे," तो ठणकावून म्हणाला.

"पॉलिश कधी केलंत?"

तो खवळलाच. "पॉलिश? जुनं पदक घासलं की किंमत जाते! मी असला मूर्खपणा कधीच करत नाही."

मला हेच हवं होतं. अहो, चिंचेची लकाकी थोड्याच दिवसांत उतरते, हे आपल्याकडे शाळकरी पोरीलाही ठाऊक!

"मग ही चमक कुठली?" मी विचारलं आणि पदकाच्या कडीत अडकलेली चिंचेची शीर चिमट्यानं काढून टेबलावर ठेवली. गड्यानं वकील मागितला. वकील आल्यावर कबूल झाला. आजोबा चहा करायला आत गेले, तेव्हा त्यानं पदक खिशात घातलं होतं.

पदक परत द्यायला मी स्वतः गेलो. स्वयंपाकघरात नुसते ब्रेडचे तुकडे पडलेले. कौन्सिलनं पाठवलेली दुसरी बाई आजोबांनी दारातूनच परत धाडली होती. "आमच्या बाईंना चोर ठरवून दुसऱ्या कुणाच्या हातचं मी खाणार नाही," असं सांगून. काय माणूस!

पुरावा कसा शोधावा, हे मला नोकरीनं शिकवलं. पुरावा हाती नसताना माणसाच्या पाठीशी कसं उभं राहावं, हे त्या आजोबांनी. मी पदकाची डबी पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"ते असू दे," ते म्हणाले. "बाई कामावर कधी येतायत?"