पायाला कुलूप लावून लोणारला

सायकलच्या पॅडलवर पाय ठेवून दाबलं की बुटाच्या तळाचा लोखंडी तुकडा खट् करून स्प्रिंगमध्ये अडकतो. सोडवायचा तर टाच बाहेर वळवायची. या प्रकाराला म्हणे क्लिपलेस पॅडल म्हणतात. म्हणजे अडकवायची सोय आहेच, वर नाव ‘क्लिप नाही’! मला तिथंच पहिली शंका आली.

दुसरी शंका अकोल्याच्या दुकानात. माउंटन बाईक घेऊन मला जेमतेम सहा महिने झालेले. दुकानदारानं तीन प्रकार मांडले: साधं सपाट पॅडल, दोन्ही बाजूंनी बूट अडकणारं, आणि एका बाजूनं अडकणारं पण दुसऱ्या बाजूनं सपाट. कोणतं चांगलं विचारलं तर तिन्हींना एकच उत्तर, “हेच बेस्ट, साहेब.” माणूस पडतो का? “दोन दिवसांत सवय होते.” पहिल्या दिवसाचं काय, ते त्यानं सांगितलं नाही. मी काहीही न घेता परत आलो.

माझ्या शंकेला कारण आहे. मी चिखलीत एका लॅबमध्ये रक्त काढतो. दोन वर्षांपूर्वी स्कूटर घसरली, मी उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. तीन महिने घरी बसलो. प्लास्टर निघाल्यावरही बोटं थरथरायची, लहान लेकराची शीर सापडायची नाही, आणि लेकराच्या आईचं तोंड बघवायचं नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा तिथंच मोडलं तर पहिल्यासारखं होईल याची खात्री देता येत नाही. या हातावर माझं घर चालतं. आणि पाय अडकलेला माणूस पडतो तेव्हा हातच टेकतो ना?

माझा मित्र विलास लाइनमन आहे. त्याला हे सगळं हास्यास्पद वाटतं. “अबे सुन्या, मी खांबावर कमरेच्या पट्ट्याच्या भरवशावर लटकून राह्यतो. तुले दीड फुटावर भेव वाटते?” त्यानं आपले जुने, दोन्ही बाजूंनी अडकणारे पॅडल आणि बूट काढून दिले. “विकत घेऊ नको. आधी चालवून पाह्य. शनिवार-रविवार लोणारले जाऊन येऊ.” त्यानं नुकताच नवा सेट घेतला होता. म्हणजे जुना माझ्या गळ्यात मारायचा बेत, अशी माझी तिसरी शंका. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “देव पुढं आला तरी त्याले आधार कार्ड मागता तुम्ही!”

शनिवारी सकाळी सहाला चिखली सोडली. ऑक्टोबरची सुरुवात, दोन्ही बाजूंनी सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, चाललेली. मेहकरपर्यंत रस्ता चांगला आहे, पण ट्रक फार. आठच्या आत जितकं अंतर कापाल तितकं बरं. विलासनं दोनच नियम सांगितले होते. थांबायच्या आधी टाच वळवायची. आणि पडलोच तर हात बाहेर काढायचा नाही, हँडल घट्ट धरून खांद्यावर पडायचं. काय सल्ला आहे! पडताना हात टेकू नको म्हणे. हा माणूस माझा मित्र आहे की कोण, असं वाटलं मला.

मी काय केलं असेल? शेळी दिसली, पाय काढला. मोटरसायकलचा हॉर्न ऐकला, पाय काढला. काहीच दिसलं नाही, तरी सुटतो की नाही बघायला पाय काढला. विलास दर दोन किलोमीटरवर झाडाखाली थांबून माझी वाट बघायचा. मेहकरला पोहे-तर्री आणि चहा घेतला, दोघांचं शंभराच्या आत भागलं. सुलतानपूरच्या टपरीवर मी बूट वाजवत आत शिरलो तर बाकावरचे एक आजोबा म्हणाले, “काऊन गा, बुटाले नाल ठोकले काय?” सगळी टपरी हसली.

एक मात्र कबूल करतो. चढावर पाय अडकलेला असला की मागचा पायही ओढून जोर लावता येतो, दगडावरून जाताना पॅडलवरून पाय उडत नाही. मला ते आवडलं. इतक्या लवकर आवडलं म्हणून मी आणखी सावध झालो.

लोणारला दुपारी पोचलो. लॉजची खोली तळमजल्यावरचीच मागा आणि सायकली आत ठेवू देतात का ते आधी विचारा. सरोवरात उतरताना हे बूट घालू नका, दगडावर घसरतात. आम्ही चपला नेल्या होत्या. संध्याकाळी काठावर बराच वेळ बसलो. वारा फिरला की पाण्याचा उग्र वास यायचा, मधूनच मोर ओरडायचा.

रात्री पाऊस पडून गेला. सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तर विलास माझ्या सायकलपाशी उकिडवा बसलेला, हातात पाना.

“काय करतोस?”

“काही नाही बे. चेनले तेल देऊन राह्यलो.”

त्याच्या बोटांना तेलाचा डाग नव्हता. पॅडलला एक बारीक स्क्रू असतो. तो आवळला की बूट घट्ट धरला जातो, ढिला केला की लवकर सुटतो. माझ्या डोक्यात तो स्क्रूच फिरायला लागला.

परतीला मेहकरवरून जानेफळ. तिथं भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा, पोटभर आणि स्वस्त. पुढं उंद्रीकडे जाताना विलासनं डांबरी रस्ता सोडून पांदण धरली. मी कुरकुरलो तर म्हणाला, “डांबरीवरच चालवाची होती तं असली सायकल काऊन घेतली मंग?” पांदण म्हणजे दोन शेतांमधली गाडीवाट, आणि रात्रीच्या पावसानं आमची काळी माती कशी चिकट होते ते इकडच्यांना सांगायला नको. मी तर दर पन्नास पावलांवर पाय टेकवत होतो. पुन्हा अडकवायला जास्तच जोरानं दाबावं लागत होतं. त्याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं: तो स्क्रू.

मग एका वळणावर बैलगाडी आडवी आली. मी टाच वळवली. सुटेना. पुन्हा वळवली. छे! सायकल हळूच डावीकडे कलली. हात बाहेर काढायचं सुचलंच नाही, भीतीनं मी हँडल आवळून धरलं होतं. तसाच खांद्यावर आडवा झालो, दोन्ही पाय पॅडलला चिकटलेले.

पडल्या पडल्या आधी उजव्या हाताची बोटं हलवली. अंगठा, मग एकेक. मनगट फिरवलं. दुखत नव्हतं. तेव्हा कुठं श्वास सोडला, आणि विलास धावत आला तसा त्याच्यावरच ओरडलो, “तू आवळलास स्क्रू! सकाळी पाहिलं मी. माझा हात मोडला असता म्हणजे?”

गाडीवान थांबला. शेजारच्या शेतात सोयाबीन सोंगणाऱ्या एक मावशी विळा घेऊन बांधावर आल्या. विलासनं माझे पाय बुटातून काढले, खिशातला पाना माझ्या हातात दिला.

“पाह्य.”

मी स्क्रू ढिला करायला गेलो. तो फिरेना. आणखी ढिला व्हायला जागाच नव्हती.

“सकाळी पुरा ढिला केला,” विलास म्हणाला. “तुले सांगितलं असतं तं तू पुन्हा आवळून पाह्यला असता.”

मावशींनी पॅडलला लटकलेला माझा बूट हिसके देऊन ओढून काढला, उलटा केला. तळाच्या लोखंडाभोवती माती आणि सोयाबीनचं कुटार-भुसकट ठासून भरलेलं. “हे पाहा भाऊ, चिखलाचा गारा भरला. मी मघापासून पाहून राह्यली, तुम्ही घडी घडी पाय खाली टेकवता. हा भाऊ एकदाबी नाही टेकला.” त्यांनी कुंपणातली तुराटी मोडली, तिच्या टोकानं माती कोरून काढली आणि काडी मला दिली. “गाऱ्यात पाय टेकवाचाच नाही. टेकवला तं आधी कोराचं, मंग चढाचं.”

उंद्री आणि तिथून चिखली, विलास माझ्या पुढं शंभर फुटांवर होता. या वेळी तो झाडाखाली थांबला नाही. घराच्या कोपऱ्यावर मी म्हणालो, “चुकलं माझं.” तो म्हणाला, “राहू दे बे,” आणि निघून गेला.

नवशिक्यानं काय घ्यावं? मी एका बाजूनं अडकणारं, दुसऱ्या बाजूनं सपाट पॅडल घेणार आहे. डांबरी आणि मुरमावर पाय अडकवायचा, काळ्या मातीत सपाट बाजू. स्क्रू पहिले काही महिने पुरता ढिला. पडणार हे धरून चाला, आणि हात आत ठेवा. माझं मनगट त्यानंच वाचलं. खांदा अजून निळा आहे. पण या सहलीतलं मला सगळ्यात जास्त दुखतंय ते पांदणीतलं माझं ओरडणं.

सोमवारी सकाळी विलास लॅबमध्ये आला. त्याच्या ऑफिसची आरोग्य तपासणी होती. रक्त काढायला आम्ही दोघं असतो आणि माझ्या सहकाऱ्यासमोरची खुर्ची रिकामी होती. तो तिथं बसला नाही, माझ्यापुढं बसला, बाही वर केली, हात टेबलावर ठेवला आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

मी सवयीनं बंद पाकीट पुढं धरलं. “हे बघ, नवी सुई.”

“मले काऊन दाखवून राह्यला बे?” तो म्हणाला. मान काही वळवली नाही.

मी पट्टा बांधला, शीर चाचपली आणि सुई टोचली.